भिंतीतली फुल्ली

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर आता दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप आहेत. छातीच्या उंचीवर ते एकमेकांना ओलांडून जातात, फुल्ली मारल्यासारखे. येणारा-जाणारा पाहतो आणि हसतो, प्लंबर नवशिक्या होता का म्हणून विचारतो. मी काही बोलत नाही. ही फुल्ली चाळीस वर्षं भिंतीच्या पोटात होती आणि ती तिथं आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी, दुसरे आमचे हे. त्यातल्या एकानं बोलायच्या वेळी तोंड मिटून घेतलं, म्हणून ती आज उन्हात आली. त्या मिटलेल्या तोंडाचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही. गेला असता तर कशाला लिहायला बसले असते.

आधी पाण्याचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

वर्धेला आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत, जिथं दोन पाणी चालतात. एक नळाचं, ते गोड. दुसरं घरचं. आधी विहिरीचं होतं, विहीर आटल्यापासून बोअरचं आहे. ते जड. तोंडात धरलं तर फार काही वाईट लागत नाही, पण त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही आणि बादलीच्या काठाला पांढरी पुटं चढतात. नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात तर वाट पाहायला लावतो. म्हणून गोड पाणी फक्त पिण्याला, स्वयंपाकाला आणि देवाला. आंघोळ, भांडी, कपडे, संडास, सगळं जड पाण्यावर.

स्लॅबवर दोन टाक्या आहेत, सिमेंटच्या, घराबरोबरच बांधलेल्या. डावीकडची लहान ती गोड पाण्याची, उजवीकडची मोठी ती जड पाण्याची. खाली मात्र उलटं आहे. स्वयंपाकघर उजवीकडे, न्हाणीघर डावीकडे. म्हणजे वरून पाइप सरळ खाली आणले तर स्वयंपाकघरात जड पाणी येईल आणि न्हाणीघरात गोड. शेंबड्या पोराला समजेल असं आहे हे. पण आमचे हे शेंबडे पोर नव्हते ना, हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते.

घर बांधलं तेव्हा पाण्याची सगळी लाइन ह्यांनी स्वतः टाकली. लोखंडी पाइप. त्याला आटे पाडायचे, आट्यांवर सूत गुंडाळायचं, गळू नये म्हणून वरून सफेदा लावायचा आणि पान्ह्यानं आवळायचं. सूत धरायला मी होते. पोरगा पाळण्यात होता, एका पायानं पाळणा हलवायचा आणि हातानं सूत सोडायचं. ह्यांनी भिंतीत दोन खाचा पाडल्या, एकदम सरळ, ओळंबा लावून. दोन पाइप सरळ खाली आणले. गिलावा झाला, चुना लागला, पाणी सोडलं. मी पहिल्या दिवशी वरण लावलं तर डाळ दगडासारखी.

"अहो, हे तर जड पाणी आहे," मी म्हटलं.

"नवीन घर, नवीन चूल. लागते वेळ," हे म्हणाले.

मग घोटभर पिऊन पाहिलं. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. तोंड पार उतरलं होतं. टाक्यांची अदलाबदल होण्यासारखी नव्हती, एक लहान, एक मोठी, आणि दोन्ही जागेवर बांधलेल्या. त्या रविवारी ह्यांनी घराचं दार आतून लावलं, मागची भिंत छातीच्या उंचीवर फोडली आणि पाइप कापून एकमेकांवरून पलीकडे नेले. सिमेंट मी कालवलं. गिलावाही मीच मारला, कारण गवंडी बोलावला असता तर तो गावभर सांगत सुटला असता.

"जिनिंगमध्ये कोणाले सांगू नको," हे म्हणाले. "फिटर असून दोन पाइप उलटे लावले म्हणतीन. जनमभर हसतीन मले."

नाही सांगितलं. माहेरी नाही सांगितलं, बहिणीला नाही, पोराला नाही. पोरगा तर बापाची तारीफ ऐकतच मोठा झाला. कोणी घरी आलं की हे भिंतीवर थाप मारून सांगायचे, "ह्या घरची लाइन मी एकट्यानं टाकली. एक थेंब गळत नाई." मी आतून चहा घेऊन यायची आणि गप्प राहायची. त्यात मला काही जड गेलं नाही. आपला माणूस आहे, झाकली मूठ झाकलेली बरी.

दोन वर्षांमागे ह्यांना मुतखडा झाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं, खडा काढला. घरी पाठवताना सांगितलं, पाणी भरपूर प्यायचं, आणि बोअरचं जड पाणी ह्यांच्या तोंडाला लावायचं नाही. तेव्हापासून ह्यांचं पाणी माझ्याकडे. एक मोठी बाटली सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या नळाची. त्या नळाला मी फडकं बांधते. आमच्याकडे सगळ्याच बाया बांधत, आता कमी झालं. पांढरं धुतलेलं फडकं नळाच्या तोंडाला बांधायचं आणि नळ यायच्या दिवशी सोडून धुवायचं. पाण्यातून काय येऊन राहिलं ते फडकं सांगतं. लोखंडी पाइपात ते तांबडं व्हायचं, गंजानं.

आणि गंज तर वाढतच गेला. मी काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही. पाइप बदला म्हणून सगळ्यांत आधी मीच म्हणाले. सकाळचं पहिलं पाणी विटकरी रंगाचं यायचं, सुनेच्या पांढऱ्या ओढण्यांवर डाग पडायचे, आणि न्हाणीघरात धार कशी, तर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातून निघतं तशी, थांबून थांबून. पोरानं मनावर घेतलं. एक प्लंबर ठरवला. पाइपांचा अख्खा गठ्ठा एका खांद्यावर घेऊन तो आला तेव्हा मला बरंच वाटलं. आटे नाही, सूत नाही, सफेदा नाही. कापायचा, टोकाला चिकटवायचं औषध लावायचं, आत घुसवायचा, झालं. चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही.

ठरलं असं की जुने पाइप भिंतीत तसेच मरू द्यायचे आणि नवीन पाइप बाहेरून, भिंतीवरून खाली आणायचे. खाली आत शिरायला जुनी भोकं होतीच. हे ऐकलं आणि मी लगेच चहा टाकला.

चहा देता देता मी प्लंबरला म्हटलं, "पाहा बाप्पा, जुने पाइप भिंतीत फुल्ली घेऊन गेले आहेत. डावीकडचा उजवीकडे जाते आणि उजवीकडचा डावीकडे."

"काकू, आता पाइप भिंतीतून जाऊनच नाई राह्यले. बाहेरून सरळ खाली," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगून राह्यली ना. सरळ आणले तर पाणी उलटं होईन."

त्यानं कानातली ती पांढरी बोंडं काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पोराला विचारलं, "भाऊ, काकू काय म्हणून राह्यल्या?"

जशी मी मराठी सोडून दुसऱ्याच कोणत्या भाषेत बोलत होते. पोरगा मोबाइलवर होता. त्यानं हातानं मला आत जायची खूण केली. "आई, तू आत बस ना. धूळ उडून राह्यली. तुले खोकला होते."

धुळीची काळजी होती त्याला. ज्या बाईनं ही भिंत स्वतःच्या हातानं लिंपली, तिला त्या भिंतीच्या धुळीपासून वाचवायला निघाला होता.

मी तासाभरानं पुन्हा बाहेर आले. तोवर वरचे दोन तुकडे लागले होते. मी पुन्हा तेच सांगितलं, ह्या वेळी बोटानं हवेत फुल्ली काढून दाखवली. प्लंबर हसला. वाईट हसला असं नाही, नातवंडांच्या खेळाला हसतात तसा हसला. हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. प्लंबरनं ह्यांनाच विचारलं.

"काकाजी, तुम्ही तर फिटर होते म्हणे. ही लाइन तुम्हीच टाकली होती ना?"

"हो, मीच."

"मग तुम्हीच सांगा. फिटर माणूस भिंतीत फुल्ली मारते का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोराकडे पाहिलं. मग बाजूला जाऊन थुंकले, परत येऊन बसले आणि म्हणाले, "मले तर नाई आठवत बुवा. सरळच आले असतीन."

मी हातात कपबशा घेऊन उभी होते. पोरगा म्हणाला, "जाऊ दे आई, तुले दुसऱ्या कोणाच्या घरचं आठवत असेन."

आता कोणी म्हणेल, बाई, तेव्हाच का नाही बोलली, का नाही सांगून टाकलं की ह्यांचीच चूक होती. मीही रोज स्वतःला विचारते. पण बाहेरचा माणूस समोर, पोरगा समोर, आणि चाळीस वर्षांची सवय. जीभ उचललीच नाही. मी त्यांची झाकली मूठ झाकूनच ठेवली, आणि त्यांनी माझी अक्कल अंगणात सगळ्यांसमोर ओतून दिली. दिलेला शब्द पाळल्याची शिक्षा मलाच झाली म्हणा ना.

दोन दिवसांत काम झालं. नळ सोडले तर अशी धार की हात मागे ओढावा. सगळे खूश. प्लंबर जाताना सांगून गेला, नवीन पाइपाची थोडी चव येईल पाण्याला, आठ-पंधरा दिवस, घाबरायचं नाही. झालं. पुढचे कितीतरी दिवस त्या एका वाक्यावर घर चाललं.

दुसऱ्याच दिवशी सून न्हाणीघरातून बाहेर आली ती केसांवरून हात फिरवत. ती सावंगीच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर काम करते, पोरगी चांगली आहे, पण केसांचं तिला फार. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची एकच तक्रार, वर्धेच्या पाण्यानं केसांचा झाडू झाला. आता ती म्हणाली, "आई, पाहा ना, किती मऊ झाले." पोरगा म्हणाला, "साबणाले पहिल्यांदा फेस आला आपल्या घरी. पाहिलं, पाइप बदलले तर पाणीच बदललं."

"हो, पाणीच बदललं," मी म्हटलं. "तेच तर सांगून राह्यली. गोड पाण्यानं आंघोळी होऊन राह्यल्या तुमच्या."

दोघंही हसले. त्यांना वाटलं आई गंमत करते.

इकडे माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या सहा शिट्ट्या, सात शिट्ट्या, डाळ डोळे वटारून बघते. रवीनं घोटून घोटून मनगट दुखलं. वरण ताटात वाढलं की पाणी एकीकडे पळते आणि डाळ एकीकडे बसते. पोरगा म्हणाला, "डाळ जुनी असेन." नवीन डाळ आली. मग सून म्हणाली कुकरची रबर बदलू. रबरही बदलली. मग पोरगा माझ्याकडे पाहून एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आई, वयानं चव जाते थोडी. त्यात वाईट वाटून घ्याचं नाई."

माझी चव गेली म्हणे. अरे, तुला पहिला घास ह्याच जिभेनं चाखून भरवला.

मी फडकं दाखवलं. आठ दिवस बांधलेलं फडकं सोडलं तर ते पापडासारखं कडक झालं होतं, घडी घातली तशी उभी राहिली, आणि वरून पांढरी पूड झडत होती. पोरगा म्हणाला नवीन पाइपातलं काही असेल, प्लंबर सांगून गेला ना. गोड पाण्याची लहान टाकी भरल्या दिवशीच रिकामी व्हायला लागली तर त्यानं नळवाल्यांना नावं ठेवली. आणि मी फारच बोलायला लागले तेव्हा म्हणाला, "ठीक आहे, फिल्टरचं मशीन लावून टाकू. मग तर झालं ना?"

एक वाक्य ऐकायच्या ऐवजी मशीन आणायला तयार. मला त्याचा इतका राग आला की मी तीन दिवस त्याच्या डब्यात लोणचं नाही ठेवलं. एवढंच माझ्या हातात होतं.

पण खरी काळजी डाळीची नव्हती. रोज सकाळी त्या नळाखाली ह्यांची बाटली धरताना माझा हात थांबायचा. खडा झालेला माणूस, ज्याला हे पाणी वर्ज्य सांगितलं, त्याला मी माझ्या हातानं तीन-तीन बाटल्या तेच पाजत होते. मग मी एक केलं. बाटली घेऊन न्हाणीघरात गेले आणि तिथल्या नळावर भरली. गोड पाणी तिथंच होतं ना. दोन दिवस कोणाला समजलं नाही. तिसऱ्या दिवशी सुनेनं पाहिलं.

"आई, बाबांले न्हाणीघरातलं पाणी?" तिचा आवाज असा, जशी मी विष भरत होते.

पोरगा आला. हे आले. मी सरळ सांगितलं, ह्या नळाला गोड पाणी आहे, विश्वास नसेल तर पिऊन पाहा.

ह्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली. मला वाटलं पितात. पण हे अंगणात गेले आणि सगळी बाटली तुळशीत ओतली. "मोरीतलं पाणी पाजते मले," असं म्हणाले, पोराला ऐकू जाईल असं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या नळाची बाटली भरली आणि माझ्यासमोर उभं राहून अर्धी प्याले.

मी त्या दिवशी जेवले नाही. कोणी विचारलंही नाही, कारण मी रोजच सगळ्यांच्या नंतर जेवते.

महिना झाला असेल. एका दुपारी हे पलंगावर वाकडे होऊन पडले, कुशीवर हात दाबून, कपाळावर घाम. पोराला फोन केला, तो आला, ऑटोत घालून नेलं. मी सोबत होते. तपासून डॉक्टर म्हणाले, आतला जुनाच बारीक कण सरकला दिसतो, पाण्यानं निघून जाईल. मग विचारलं, पाणी कोणतं पिता.

"नळाचं," पोरगा म्हणाला.

"जड," मी म्हटलं.

डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. म्हणाले, महिनाभराच्या पाण्यानं खडा होतो असं नाही, पण ह्यांच्या बाबतीत ती परीक्षा घेऊ नका, आधी घरी जाऊन पाणी कोणतं ते नक्की करा. पोरगा मान डोलावून बाहेर आला आणि मला म्हणाला, "आई, लोकांसमोर तरी नको ना." हे ऑटोत डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. झोपलेला माणूस कसा श्वास घेतो ते मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी सगळे घरी होते. सकाळचे दहा वाजले असतील. पोरगा आंघोळीला गेला. साबणाचा वास आला, गाणं ऐकू आलं, तेव्हा मी उठले. माझे गुडघे असे आहेत की स्लॅबवर जाऊन मला दोन वर्षं झाली होती. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेले. डावीकडच्या लहान टाकीची चावी पूर्ण बंद केली. मग तशीच खाली आले, बसून बसून, आणि न्हाणीघराच्या दारासमोर मोडा टाकून बसले.

थोड्या वेळानं गाणं थांबलं. नळाची चावी इकडून तिकडे फिरल्याचा आवाज आला.

"आई, पाणी गेलं."

"गेलं नाई. बंद केलं."

"काऊन?"

"गोड पाण्याची टाकी बंद केली मी. लहान टाकी. तू तर बोअरच्या पाण्यानं आंघोळ करून राह्यला ना? मग तुझं पाणी कसं गेलं?"

आतून पुन्हा चावी फिरल्याचा आवाज.

"आई, डोळ्यांत साबण जाऊन राह्यला."

"जाऊ दे. माझ्या डोळ्यांत महिनाभर धूळ गेली. सूनबाई, तो स्वयंपाकघरातला नळ सोड."

सुनेनं सोडला. धो धो पाणी. मी म्हटलं, "ऐकू येते का रे? गोड टाकी बंद आहे. मग हे पाणी कोणत्या टाकीचं?"

मग आतून एकदम लहानपणीचा आवाज आला, चूक झाल्यावर यायचा तसा. "मोठ्या."

"मोठी टाकी कशाची?"

"बोअरची. आई, एक बादली तरी दे ना."

बादली मी दिली, बोअरची. फेस धुऊन निघायला त्याला दोन बादल्या लागल्या. तोवर सून माझ्याजवळ येऊन उभी होती. खाली पाहत म्हणाली, "आई, माझ्या चहाच्या केटलीत पांढरा थर बसत होता. मी पाहिला होता."

"मग बोलली काऊन नाई?"

"केस इतके चांगले झाले होते. मले वाटलं, बोललं तर जाईन ते."

तिच्यावर मला तेवढा राग आला नाही. खरं बोलली म्हणून असेल, किंवा त्या घरात त्या दिवशी खरं बोलणारी ती पहिलीच म्हणून.

प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. पोरानं सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही टाक्या पाहिल्या, भोकं पाहिली, डोकं खाजवलं आणि माझ्याकडे वळून काय म्हणाला असेल?

"काकू, एवढं माहीत होतं तर जरा जोर देऊन सांगाचं ना."

मी हातातली परात खाली ठेवली. म्हटलं, "जोर म्हणजे कसा रे बाप्पा? तुझ्या कानातलं ते बोंड ओढून? दोनदा सांगतलं. बोटानं काढून दाखवली फुल्ली. तुले ऐकू नाई आलं ते वेगळं, पण मी सांगतलं नाई असं म्हणजो नको."

त्यानं बोंड काढून खिशात टाकलं. मग सांभाळून घ्यायला म्हणाला, "पण तुम्हाले समजलं कसं, भिंतीच्या आत काय आहे ते?"

पोरगाही पाहत होता. सूनही. हे त्याच खुर्चीत होते, अंगणात. मी म्हटलं, "ह्यांले विचार."

मला वाटलं पुन्हा म्हणतील, नाही आठवत. पण ह्यांनी खर्ऱ्याची पुडी काढली, उघडली, पुन्हा बंद केली. "मीच मारली होती फुल्ली," म्हणाले. "आधी उलटे लावले होते. मग भिंत फोडून... हिनं लिंपली." एवढंच. पोरगा काही बोलला नाही. बापाला काय बोलणार. मला तरी काय बोलला? "आई, सॉरी" नाही, काही नाही. प्लंबरला म्हणाला, "चला, करून टाका मग लवकर."

मग प्लंबरनं नवीन पाइप छातीच्या उंचीवर कापले, कोपरे लावले आणि एकमेकांवरून पलीकडे नेले. बरोबर त्याच जागी, जिथं आत जुनी फुल्ली आहे. मी समोर उभी राहून करून घेतलं. औषध वाळल्यावर घरात दाराला लावून उरलेला रंग काढला आणि एका पाइपावर लिहिलं "गोड", दुसऱ्यावर लिहिलं "जड". अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

सगळे आत गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "खरंच विसरले होते का?"

"नाई."

"मग?"

"पोरासमोर कसं सांगाचं? त्याले मी जनमभर सांगतलं, ह्या घरची लाइन..."

"आणि पाण्याची चव? ती तरी समजली नाई?"

मला वाटत होतं खर्ऱ्यानं जीभ मेली असेल ह्यांची. तेवढी सूट मी मनातल्या मनात देऊन ठेवली होती. हे म्हणाले, "पहिल्याच दिवशी समजली."

म्हणजे तुळशीत ओतलं ते गोड आहे हे माहीत होतं, आणि माझ्यासमोर उभं राहून प्यायलं ते जड आहे हेही माहीत होतं. स्वतःच्या कुशीत कळ आणली, पण तोंडातून एक शब्द नाही काढला. आणि मला सगळ्यांसमोर वेडी ठरू दिलं, महिनाभर, रोज, तीन बाटल्या. मी त्यांच्या लाजेची राखण चाळीस वर्षं केली. त्यांना माझी राखण एक दिवस नाही जमली.

कण निघून गेला त्यांचा. आता कळ नाही. पाणी गोड येतं, डाळ चार शिट्ट्यांत गळते, सुनेचे केस पुन्हा पहिल्यासारखे झाले आणि ती काही म्हणत नाही. मला लोक म्हणतात, झालं ना सगळं ठीक, सोडा आता. पाणी ठीक झालं, ते मला दिसते.

बाटली मी आता भरत नाही. ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आणि नळाचं फडकंही मी सोडत नाही. नळ यायच्या दिवशी सकाळी हे स्वतः उठतात, फडकं सोडतात, मोरीवर उकिडवं बसून दोन्ही हातांनी चोळून धुतात, झटकतात आणि पुन्हा बांधतात. पहिल्या वेळी गाठ सैल पडली. फडकं धारेबरोबर खाली आलं, आणि हे ते हातात घेऊन माझ्याकडे पाहत उभे राहिले.

"घट्ट बांधा," मी म्हटलं. "फिटर होते ना तुम्ही."